घर, तोंड आणि चालणारे पाय



मी सेलूचा. आमच्याकडच्या जुन्या माणसांना मोठे शहर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे, हैदराबाद. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. मनमाडहून येणारी गाडी आमच्या स्टेशनावरून पुढे तिकडेच जायची. त्यामुळे आम्ही मुंबई राज्यात आलो, मग १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी शाळेच्या सहली कितीतरी वर्षे हैदराबादलाच जात. चारमिनार पाहायचा, गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवून आवाज वर पोहोचतो का ते बघायचे, आणि शेवटी बागे-आममधल्या सरकारी संग्रहालयात ‘मिसरचा मुडदा’ बघायला जायचे, असा ठरलेला कार्यक्रम असे.

हा मुडदा म्हणजे इजिप्तमधून आणलेली ममी. एका तरुण बाईचे हे शव दोन हजार वर्षांहून जुने आहे; निजाम मीर उस्मान अली खान यांनी ते संग्रहालयाला दिले. आम्ही सातवीतली पोरे काचेला नाक लावून उभी होतो. अंगावरच्या वेष्टनावर रंगीत चित्रे होती. एका पोराने विचारले, “गुरुजी, ही चित्रं म्हणजे त्यांची अक्षरं काय?” गुरुजी म्हणाले, “होय. मिसरचे लोक चित्रांनी लिहीत. डोळा काढला की डोळा, बैल काढला की बैल. चित्र पाहायचं आणि अर्थ ओळखायचा.”

उत्तर सोपे होते आणि पटण्यासारखे होते. पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि बरीच वर्षे माझ्या वर्गात हेच सांगितले. ते चूक होते. ज्या मुलांना मी तसे शिकवले त्यांतली काही आज हा कार्यक्रम ऐकत असतील. आजचे भाषण म्हणजे त्या धड्याची दुरुस्ती समजा.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. म्हणून जवळ पाटी असेल तर घ्या; नसेल तर अंगणातल्या धुळीत बोटाने काढा. एक आडवा चौकोन काढा आणि त्याच्या खालच्या रेघेत मधोमध थोडी फट ठेवा. वरून पाहिलेली खोली झाली, फट म्हणजे दार. इजिप्शियन लिपीत हे घर. याच्याखाली एक छोटी उभी रेघ काढली की अर्थ होतो ‘घर’, आणि त्यांच्या भाषेत घराला जो शब्द होता त्यातली व्यंजने प आणि र. इथवर गुरुजींचे म्हणणे बरोबर.

आता ती उभी रेघ पुसा. घराखाली एक उघडे तोंड काढा, म्हणजे मिटत आलेल्या डोळ्यासारखा आकार, पण आत बुबुळ नाही. शेजारी दोन चालणारे पाय काढा. घर, तोंड, पाय. काय अर्थ झाला? मी वर्गात विचारले तेव्हा कोणी म्हणाले, “घरी जाऊन जेवणे.” कोणी म्हणाले, “घरोघर जाऊन भीक मागणे.” एक हुशार पोरगी म्हणाली, “चुगली करणे.” सगळी उत्तरे चित्र पाहून अर्थ ओळखण्याची, म्हणजे मीच शिकवलेल्या पद्धतीची. खरा अर्थ आहे ‘बाहेर पडणे’. या शब्दात घराचा काही संबंध नाही. ‘बाहेर पडणे’ या क्रियापदातली व्यंजनेही प आणि र अशीच होती, म्हणून घराचे चित्र नुसत्या आवाजासाठी उसने घेतले. तोंडाचा आवाज र. तो शेवटचा र पुन्हा पक्का करायला ठेवला आहे; वाचताना दोनदा म्हणायचा नाही. आणि पाय तर वाचायचेच नाहीत. ते फक्त सांगतात की बाबा, हा शब्द चालण्याफिरण्याच्या जातीचा आहे.

म्हणजे तीन चित्रे आणि तिघांची कामे वेगळी. एक आवाज देते, दुसरे त्या आवाजाला साक्ष देते, तिसरे मुकेपणाने अर्थाकडे बोट दाखवते. ही लिपी चित्रांची आहे, पण लिहिते ती भाषा, आणि तीही बोलली जाणारी.

मराठीत करून पाहू. गळ्यातली माळ काढणे सोपे आहे. आता आपल्याला गावाबाहेरचा माळ लिहायचा आहे, जिथे गुरे चरतात तो. माळरानाचे चित्र कसे काढणार? रिकामी जमीन काढली तर ती शेत की रस्ता, कळायचे नाही. मग हिकमत करायची: गळ्यातली माळ काढायची आणि तिच्याशेजारी जमिनीची एक पट्टी. माळ वाचायची, पट्टी पाहायची. झाला माळ.

दुसरी अडचण अशी की इजिप्तचे लोक स्वर लिहीत नसत, नुसती व्यंजने लिहीत. म आणि ळ एवढेच लिहिले तर मराठीत काय काय होईल बघा: माळ, मळा, मूळ, मुळा, मेळा, मोळी, मळी. मळ्यात मुळा लावला की मेळ्यात मोळी विकली, काही कळणार नाही. अशा वेळी शब्दाशेजारचे ते मुके चित्र किती उपयोगी पडत असेल याची कल्पना येते. एकेका व्यंजनासाठी त्यांच्याकडे सुमारे चोवीस खुणा होत्या: तोंड म्हणजे र, पाण्याच्या लाटा म्हणजे न, पाऊल म्हणजे ब, घुबड म्हणजे म. लोक विचारतात, मग या चोवीसांवरच का भागवले नाही, सातशेवर खुणा कशाला ठेवल्या? मला वाटते, सवयीच्या वाचकाला त्याच सोप्या पडत असतील. स्वर नसलेली चोवीस अक्षरांची रांग वाचण्यापेक्षा मधूनमधून ओळखीचे चित्र भेटलेले बरे.

वाचायचे कुठून? आमच्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. शाळेत उर्दू उजवीकडून आणि बाळबोध डावीकडून, असे दोन्ही त्यांनी एकाच बाकावर बसून गिरवलेले असे. इजिप्शियन लिपी दोन्ही बाजूंनी लिहीत. खूण अशी की माणसे, पक्षी, जनावरे यांची तोंडे ज्या बाजूला असतील त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला सामोरे जावे तसे.

आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच समजण्यासारखी. ही कोरीव चित्रलिपी देवळाच्या भिंतीवर, थडग्यावर, दगडावर. रोजच्या हिशेबाला, पत्राला, खटल्याच्या कागदाला एवढी कलाकुसर कोण करणार? तिथे कारकुनांची बोरूने झरझर लिहायची वेगळी वळणे होती. घुबडाचे घुबडपण जाऊन नुसता एक फराटा उरे. पुढे त्याहूनही वळणदार अशी तिसरी लिपी झाली. पोथीला बाळबोध आणि दप्तराला मोडी, हाच प्रकार.

ही विद्या मेली कशी? इजिप्तवर आधी ग्रीक राजे आले, मग रोमन आले, लोक ख्रिस्ती झाले, जुनी देवळे बंद पडली आणि देवळांबरोबर लिहिणारे गेले. चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा लेख इ. स. ३९४ मधला, नाईल नदीतल्या फिली बेटावरच्या देवळातला आहे. त्यानंतर चौदाशे वर्षे भिंती उभ्या राहिल्या, चित्रे उघड्यावर दिसत राहिली आणि वाचणारा कोणी नाही.

मग अर्थ ओळखणारे पुढे आले. सतराव्या शतकात रोममध्ये किर्खर नावाचे एक ख्रिस्ती पंडित होते. माणूस अडाणी नव्हता, पुष्कळ भाषा जाणणारा होता. पण त्यांची समजूत अशी की या चित्रांत गूढ ज्ञान भरले आहे. एका राजाचे नुसते नाव कोरलेले होते, त्याचा त्यांनी देव, विधी आणि नाईलची कृपा असा लांबलचक अर्थ लावला. हसू येते, पण घर-तोंड-पायाची चुगली करणारी माझी विद्यार्थिनी आणि किर्खर यांच्यात फरक फक्त पांडित्याचा होता.

१७९९ च्या जुलैत फ्रेंच सैनिकांना रशीद गावाजवळ किल्ल्याचे काम करताना एक काळा दगड सापडला. इंग्रज त्या गावाला रोझेटा म्हणतात. दगडावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली आहे: वर चित्रलिपी, मध्ये वळणदार लिपी, खाली ग्रीक. आज्ञा इ. स. पू. १९६ मधली, पाचव्या टॉलेमी राजाच्या वेळची. ग्रीक येणारे पंडित युरोपात पुष्कळ होते. तेव्हा लोकांना वाटले, आता काय, महिन्याभरात वाचून होईल. लागली तेवीस वर्षे.

उशीर का लागला? कारण सगळे एका शब्दाला एक चित्र शोधत होते. फ्रान्समधल्या शांपोल्यों नावाच्या तरुण मास्तरांनी एक अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी मोजले. ग्रीक मजकुरात शब्द ४८६. आणि चित्रलिपीचा भाग वरून फुटलेला, अर्धवट, तरी त्यात खुणा १४१९. एका शब्दाला एक चित्र हे गणित जमेना. याचा अर्थ या खुणा शब्दांचे तुकडे असल्या पाहिजेत, म्हणजे आवाज असले पाहिजेत. गणिताच्या मास्तरांनी हे ध्यानात ठेवावे.

राजाचे नाव लांबट वर्तुळात घालतात हे आधीच काहींच्या ध्यानात आले होते. इंग्लंडचे टॉमस यंग यांनी टॉलेमीच्या नावातली काही अक्षरे ओळखलीही होती. पण त्यांची समजूत अशी की परक्या ग्रीक नावांपुरतेच हे लोक आवाज लिहितात, त्यांचे स्वतःचे शब्द चित्रांनीच लिहितात. शांपोल्योंनी टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावे शेजारी शेजारी ठेवून अक्षरे जुळवली. दोन्हींत प, दोन्हींत ल, आणि ल म्हणजे बसलेला सिंह. मग १८२२ च्या सप्टेंबरात त्यांच्यासमोर अबू सिंबेलच्या देवळातल्या लेखांच्या नकला आल्या. ते देऊळ ग्रीकांच्या फार आधीचे. एका वर्तुळात आधी सूर्य, मग एक खूण जी रोझेटाच्या दगडावर जन्मदिवसाच्या संदर्भात आली होती, आणि शेवटी दोनदा स.

इथे त्यांच्या कामी आली ती कॉप्टिक भाषा. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ती उरली होती, लिहिली जात होती ग्रीक अक्षरांत; पण होती जुन्या इजिप्शियनचीच लेक. शांपोल्यों ती पोरवयापासून शिकले होते. कॉप्टिकमध्ये सूर्याला रे म्हणतात आणि जन्म देणे याला मिसे. रे, मस, स, स. रामसेस! इजिप्तचा मोठा राजा, ग्रीक इतिहासकारांच्या यादीतला. नाव परके नव्हते, तरीही आवाजाने लिहिलेले होते, आणि त्यातच सूर्याचे चित्र सूर्य म्हणूनही आले होते. चित्र आणि आवाज दोन्ही एका जागी नांदत होते. ते धावत भावाकडे गेले आणि आनंदाने बेशुद्ध पडले असे सांगतात. खरे-खोटे असो. २७ सप्टेंबर १८२२ ला त्यांनी आपला शोध पॅरिसच्या विद्वानांसमोर वाचला.

पुष्कळ पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. माझ्या मते खरे काम यापुढे सुरू झाले. अक्षरे लागली म्हणजे भाषा आली असे नव्हे. मला तेलुगू अक्षरे जुळवता येतात, म्हणून मी तेलुगू वर्तमानपत्र वाचतो असे कोणी म्हणणार नाही. शांपोल्योंनी उरलेले आयुष्य व्याकरणाला दिले. १८३२ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी ते वारले. त्यांचे इजिप्शियन व्याकरण थोरल्या भावाने १८३६ पासून छापून काढले. पुढे इंग्लंडच्या ॲलन गार्डिनर यांनी १९२७ साली जे व्याकरण लिहिले त्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

हे व्याकरण मराठी शिक्षकाला परके वाटत नाही. पुल्लिंग-स्त्रीलिंग आहे: भाऊ म्हणजे ‘सन’, त्याला त लावला की ‘सनत’, बहीण. हा त एका छोट्या पावाच्या चित्राने लिहितात, अर्धगोल. मधले स्वर आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून म्हणायच्या सोयीसाठी कुठे तरी अ नाहीतर ए घालून घ्यायचा. संस्कृतासारखे द्विवचन आहे. दोन हात, दोन डोळे यांना वेगळा प्रत्यय. अनेकवचनाला शब्दाखाली तीन रेघा. वाक्यात मात्र क्रियापद पहिले येते: ‘ऐकतो कारकून गोष्ट’, असे. आणि ‘त्याचे घर’ म्हणायचे असेल तर घराच्या चित्रामागे शिंगे असलेला साप काढतात, कारण त्या सापाचा आवाज फ आणि शब्दाच्या शेवटी फ लागला की ‘त्याचे’.

आता गंमत बघा. घुबड आणि त्याच्याशेजारी घर, असे भिंतीवर दिसले तर आपल्याकडचा माणूस काय म्हणेल? घरावर घुबड बसले, वाईट घडणार. पण घुबडाचा आवाज म, आणि त्या भाषेत नामाच्या आधी म आला की अर्थ ‘मध्ये’. घुबड आणि घर म्हणजे नुसते ‘घरात’. आपण जे त प्रत्ययाने मागे लावतो ते त्यांनी पुढे ठेवले एवढेच. ज्याला व्याकरण नाही त्याला तिथे अपशकुन दिसतो. ज्याला आहे त्याला सप्तमी दिसते.

मी पुढे पाचवीच्या वर्गात एक खेळ सुरू केला. चित्रांनी एकमेकांना चिठ्ठी लिहायची, अक्षर एकही नाही. ‘विहिरीवर ये’ जमले. ‘उद्या’ला सूर्य दोनदा निघाला. पण एकाला लिहायचे होते, ‘मी तुझा खडू घेतला नाही.’ नाही कसे काढायचे? पुष्कळ वेळ डोके खाजवून त्याने एक माणूस काढला, दोन्ही हात पसरलेला, रिकामे तळवे. मला नवल वाटले, कारण इजिप्शियन लिपीत ‘नाही’ची खूण तीच आहे: पसरलेले दोन रिकामे हात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा खेळ करून पाहावा. काळ, नकार, आणि ‘चा-ची-चे’ यांपाशी मुले अडतात, आणि व्याकरण कशासाठी असते ते त्यांना फळ्यावर लिहून सांगावे लागत नाही.

शांपोल्यों बरोबर होते कशावरून? ही शंका त्यांच्या काळी पुष्कळांनी घेतली. उत्तर १८६६ साली मिळाले. जर्मनीचे लेप्सियस यांना तानिस इथे दुसरा एक दगड सापडला, त्यावरही एक आज्ञा दोन भाषांत. शांपोल्योंच्या रीतीने चित्रलिपीचा भाग वाचून ग्रीकशी ताडून पाहिला, तो जुळला. ताडून पाहायला दुसरा दगड मिळाला म्हणून विद्या पक्की झाली.

आपल्या देशातली गोष्टही याच सुमाराची आहे. रोझेटाचा दगड सापडला त्याच्या पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये जेम्स प्रिन्सेप जन्मले. ते कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी होते. अशोकाच्या काळची ब्राह्मी तेव्हा कोणाला वाचता येत नव्हती. सांचीच्या कठड्यावर पुष्कळ लहान लहान लेख आहेत. १८३७ साली त्यांच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत आणि दुसऱ्यावर टिंब आहे. प्रत्येक दगडावर वेगळा छोटा लेख, म्हणजे हे देणगीदार असणार. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असेल. आणि त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर स, म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, ‘अमक्याचे’. अमक्याचे दान. द, न आणि स हाती आले आणि कुलूप निघाले. इथेही किल्ली चित्रात नव्हती, विभक्तीत होती.

याचा ताळा पाहायला सांचीला जायला नको. मराठवाड्यातच, कन्नड तालुक्यातल्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबांवर पैठणच्या देणगीदारांचे लेख आहेत. त्यांत मितदेव नावाचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, त्याच्या घराण्याने खांब दिला. शेवटी तेच ‘दानं’. तिथे सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर लिहिले आहे की ती कण्हदास सोनाराने केली. मूळ शब्द आहे ‘कण्हदासेन’. हा एन तृतीयेचा. आपण आज ‘कान्हदासाने’ म्हणतो. दोन हजार वर्षांत सोनाराची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. तृतीया आपल्याकडेच राहिली.

इतके सगळे मी सांगतो आहे ते पुस्तकातून शिकलेले. पण जे मला घरात शिकावे लागले ते सांगितल्याशिवाय भाषण पुरे होणार नाही.

आमच्या माळवदाच्या घरात, कोनाड्यात, एका रुमालात बांधलेले मोडी कागद होते. त्यांत माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यातले वाटणीपत्र होते. दुधनेच्या अंगाचे शेत आजोबांच्या वाट्याला आले, आणि त्या शेतात मधोमध विहीर. पुढच्या पिढीत विहिरीवरून कुरबुर झाली, तेव्हा माझ्या वडिलांनी तो कागद मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे नेला. कागदाला नेमक्या ठिकाणी कसर लागलेली. ‘विहीर’ हा शब्द दिसत होता, मग भोक, आणि भोकापलीकडे ‘रून’ एवढी अक्षरे. त्यांनी वाचले, “विहीर धरून शेत धाकट्याकडे.” सगळ्यांना पटले. शेताच्या पोटातली विहीर वगळून शेत कोण देईल? थोरल्या घरच्या काकांची मोट उठली. त्यांनी पलीकडे मुरमात नवी विहीर खणली, ती चैत्रातच आटायची. दोन घरांचे बोलणे बंद झाले. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. इथे ध मुळात होता की नाही, हेच कोणी पाहिले नव्हते.

मी चाळिशी उलटल्यावर मोडी शिकलो, तेही या इजिप्तच्या नादाने. एका सुटीत सहज तो कागद काढला. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्द न तोडता. भोकाची लांबी त्याच ओळीतल्या अक्षरांशी ताडून पाहिली. तिथे एक ध बसून पुष्कळ जागा उरत होती. मग सगळा कागद पुन्हा वाचला, हा लिहिणारा कुळकर्णी ‘सकट’ या अर्थी काय लिहितो ते पाहायला. ‘गोठा सुद्धां’, ‘बांध सुद्धां’. दोन्ही वेळा ‘सुद्धां’. ‘धरून’ एकदाही नाही. आणि खाली, जिथे कागद शाबूत होता, तिथे ‘आंब्याची दोन झाडे खेरीजकरून’. खेरीजकरून म्हणजे वगळून. मी ते शब्द मापाने भोकावर धरले. बरोबर बसले.

वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुला हे आधी का शिकता आलं नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कागद घेऊन थोरल्या काकांच्या दारात गेले. मी मागे होतो. काकांनी घोंगडी टाकली. मी बोट ठेवून वाचून दाखवले: आधी गोठ्याची ओळ, मग बांधाची, मग आंब्याची, आणि शेवटी भोकाची. काकांना मोडी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “आणि मास्तर, तुमचंच वाचणं चुकलं असलं तर?”

मी म्हटले, “काका, दुसऱ्या दोघांकडून वाचून घ्या. माझा अर्थ त्यांना सांगू नका. नुसता कागद द्या.”

त्यांनी तसेच केले. परभणीला जाऊन दोन वेगवेगळ्या माणसांपुढे कागद ठेवला आणि दोघांनी सांगितलेले वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून आणले. ज्येष्ठ लागायच्या आत त्यांच्या इंजिनाचा पाइप आमच्या शेतातल्या विहिरीत उतरला होता.